लांडग्राफ

अमरावती,
१४ नोव्हेंबर १९५९

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. या पत्राला कारण आहे. पण कारणावर यायला मला वेळ लागतो, हे तू पन्नास वर्षं पाहतो आहेस. तेव्हा पान उलटून शेवट आधी वाचू नकोस.

परवा सकाळी अंगणात ऊन खात बसलो होतो. शेजारची चिमुरडी घोकत होती,

उठ कणसा रे, पहाट झाली, दवात न्हाली पाती,
सूर्य येतसे भेटायाला घेउन सोने हाती.

आठवतं? तिसरीत डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले, तेव्हा हीच कविता म्हणायला तुला उभं केलं होतं. तू 'पाती'पर्यंत ऐटीत आलास आणि तिथे जो थांबलास, तो थांबलासच. डिप्टीसाहेबांनी चष्मा काढला. मास्तरांनी घाम पुसला. मी पहिल्या बाकावरून पाटीवर पुढची ओळ लिहून तुझ्यासमोर धरली, तेव्हा कुठे तुझा सूर्य उगवला. बक्षिसाची दौत तू घरी नेलीस. पुढे तीस वर्षं मी मुलांना मराठी शिकवलं, पण माझ्या अक्षराचा इतका उपयोग पुन्हा कुणाला झाला नाही.

आता कारण. माझा पुतण्या वसंत. भाऊ-वहिनी गेले तेव्हा पाच वर्षांचा होता. माझ्याच ताटात वाढला. आता राउरकेल्याला पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मागच्या वैशाखात चांदूर रेल्वेच्या लग्नात पंगतीत त्यानं एक कविता म्हटली. तुझी शैला मठ्ठा वाढत होती. ती थांबली, म्हणाली, "तिसरी ओळ चुकली तुमची," ओळ दुरुस्त केली आणि पुढच्या पानावर गेली. पोरगा उरलेलं जेवण जेवला नाही. तेव्हापासून तो दर पत्रात मला विचारतो, "काका, लिहिलंत का अकोल्याला?"

तर लिहितो आहे. शैला आम्हाला द्यावीस. गोत्र वेगळं आहे, पत्रिका जुळते, आणि शैलाची ना नाही असं दुर्गावहिनींच्या पत्रावरून दिसतं. मी एकटा म्हातारा, माझं जे काही आहे ते हा पोरगा आहे. सोबत वसंताच्या जर्मन साहेबांचं शिफारसपत्र जोडलं आहे, ओटो ग्राफ फॉन रीडेनाउ यांचं.

तुझा,
नरहर


अकोला,
२१ नोव्हेंबर १९५९

रा. रा. नरहरपंत पांडे यांस,

पत्र पोचलं. कविता वाचून डोळे भरून आले, पुढचा मजकूर वाचून कोरडे झाले.

अरे, आम्ही देशमुख, तुम्ही पांडे. सात गावांची देशमुखी होती आमची. आमचे वाडवडील लोडाला टेकून बोलायचे आणि तुमचे वाडवडील कानावरचा बोरू काढून ते लिहून घ्यायचे. बोलणाऱ्यानं लिहिणाऱ्याला पोरगी दिल्याचं तू कुठे ऐकलंस? वतनं गेली म्हणून अक्कल गेली नाही आमची.

आणि शिफारस म्हणून काय पाठवलंस, तर एका गोऱ्याचा ऑटोग्राफ! ऑटोग्राफ नटनट्यांचे घेतात, तेही कॉलेजातली पोरं. पुढे 'फॉन' लिहिलंय, पण टेलिफोनचा नंबर कुठेच नाही. जर्मन लोक कामात चोख असतात असं ऐकलं होतं.

तुझ्या माहितीसाठी, अचलपूरच्या देशमुखांचं स्थळ आलेलं आहे. मुलाचं नाव रविकांत. शिक्षण विचारू नकोस, घरी जीप आहे. परवा येऊन गेले. आमची शेती पाहणारा नत्थुजी मागे उभा होता. पाहुणे गेल्यावर म्हणतो कसा, "मालक, मले तं पोरापरीस जीपच बरी वाटली." त्याला काय कळतं! शैलाही दोन दिवस त्याच्याच पक्षात आहे.

पाटीचं म्हणशील तर ते साफ खोटं. सूर्य मला आठवत होता. मी ठसक्यासाठी थांबलो होतो.

बापूसाहेब देशमुख
(देशमुख, सात गावं)


अमरावती,
२ डिसेंबर १९५९

प्रिय बापू,

तुझा ठसका पन्नास वर्षांनी कळला. डिप्टीसाहेब बिचारे न कळताच वारले.

तो ऑटोग्राफ नव्हे रे. ओटो हे त्यांचं नाव. 'फॉन' म्हणजे अमुक गावचे, जसे आपण वलगावकर म्हणतो तसं. आणि मधला 'ग्राफ' ही पदवी आहे. वसंताचे साहेब जर्मनीतले सरदार आहेत. मलाही आधी वाटलं होतं की ते कारखान्यात आलेख काढत असतील आणि म्हणून त्यांना ग्राफ म्हणत असतील. चौकटीच्या कागदाला मुलं ग्राफच म्हणतात ना! वसंतानं मला हसून लिहिलं. मी तुला हसत नाही, कारण आपण दोघं एकाच शाळेत शिकलो.

हे सरदार वसंताबरोबर एका टेबलाशी जेवतात. पांड्याबरोबर, बापू. लोड नाही, बोरू नाही.

नरहर


अकोला,
७ डिसेंबर १९५९
(कार्ड)

नरहर, सरदार म्हणजे नक्की कोणता दर्जा? रावबहादूरच्या वर की खाली? पदवी वंशपरंपरा की इंग्रजांनी वाटल्या तशी वाटलेली? शब्दाचा अर्थ काय? साहेबांना विचारून सविस्तर आणि ताबडतोब कळव. लग्नाशी याचा संबंध नाही, निव्वळ ज्ञानासाठी.

बा. दे.


अमरावती,
१८ जानेवारी १९६०

प्रिय बापू,

तिळगूळ सोबत आहे. गोड बोलण्याची सक्ती नाही.

तुझ्या निव्वळ ज्ञानासाठी वसंताला लिहिलं. ओटोसाहेबांनी मोठ्या हौसेनं चार पानं सांगितली, वसंतानं ती मराठीत उतरवली. सार देतो.

ग्राफ म्हणजे मुळात राजाचा मुलखातला माणूस. राजा दूर असायचा. मुलखात न्यायनिवाडा करायचा, बंदोबस्त ठेवायचा, लढाई आली की माणसं घेऊन जायचं, ही ग्राफाची कामं. आरंभी ती नुसती नेमणूक होती, राजाच्या मर्जीवर. मग बापाच्या जागेवर मुलगा बसू लागला. कामाची पदवी झाली, पदवीची ऐट झाली, आणि ऐट वाढत गेली तसं काम कोण करतं हे कुणी विचारीना. यात तुला काही ओळखीचं दिसलं तर तो दोष माझा नव्हे.

ग्राफांत प्रकार आहेत. सरहद्दीवरचा तो मार्कग्राफ. किल्ल्यावरचा तो बुर्गग्राफ. आणि मोठ्या मुलखाचा, राजाशिवाय कुणाला न जुमानणारा, तो लांडग्राफ. लांड म्हणजे देश, भूमी.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली, राजा गेला, आणि १९१९ साली नव्या घटनेनं सरदारांचे सगळे हक्क काढून घेतले. पदवी तेवढी आडनावाचा भाग म्हणून राहू दिली. म्हणून ग्राफ नावाच्या आधी येत नाही, नाव आणि आडनावाच्या मध्ये अवघडून बसतो. ओटोसाहेब म्हणाले, "माझ्या आजोबांकडे किल्ला होता, वडिलांकडे किल्ल्याचा फोटो होता, माझ्याकडे मधलं नाव आहे." आणि खूप हसले म्हणे. वाचताना मला मात्र आपल्या शाळेमागची पडकी गढी आठवली. संध्याकाळी आपण तिच्यावर चढून राजे व्हायचो, आणि आईनं हाक मारली की उतरायचो.

शब्दाच्या मुळाविषयीही दोन ओळी आहेत. त्या मागाहून. पोस्टाची वेळ झाली.

नरहर


अकोला,
४ फेब्रुवारी १९६०

प्रिय मित्र नरहर,

तुझं पत्र मी घरात दोनदा मोठ्यानं वाचलं. दुर्गा दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात निघून गेली, पण तिथेही ऐकू जाईल असं वाचलं.

तुझ्या लक्षात आलं का? लांड म्हणजे देश! देशाचा मुख्य! अरे, लांडग्राफ म्हणजे शब्दाला शब्द देशमुख! न्यायनिवाडा आम्ही केला, बंदोबस्त आम्ही ठेवला, हक्क आमचेही सरकारनं काढले आणि आडनाव राहू दिलं. साठ वर्षं मी जर्मन सरदार होतो आणि एका माणसानं मला सांगितलं नाही.

तुझा ओटो नुसता ग्राफ ना? मग तो माझ्याहून एक पायरी खाली. तरी मोठ्या मनानं त्याला चहाला बोलावतो. पेंटर पुंजारामकडे दारावरची नवी पाटी रंगवायला टाकली आहे, आडनावापुढे कंसात लांडग्राफ. नत्थुजीलाही शब्द शिकवला. चार दिवस पाठ करून राहिला आहे बिचारा.

वसंताबद्दल माझ्या मनात राग नाही, हे तुला ठाऊक आहे. मुलगा चांगला. पण घर, नरहर, घर! तुमच्या पांड्यांच्या घरात ग्राफाचा एक कण जरी असता तर मी मुहूर्तसुद्धा पाहिला नसता. ग्राफाच्या तोलाचं घर दाखव, शैला त्या घरची. हा देशमुखाचा शब्द आहे, लिहून ठेव. लिहिणं तुमच्याकडेच आहे.

अचलपूरची मंडळी पंधरा दिवसांनी याद्या करायला येत आहेत. मानाचं माणूस म्हणून तू यावंस.

बापूसाहेब देशमुख
(लांडग्राफ, सात गावं)


अमरावती,
११ फेब्रुवारी १९६०

प्रिय लांडग्राफ,

सांगितल्याप्रमाणे लिहून ठेवलं. तारखेसकट.

शब्दाच्या मुळाविषयी दोन ओळी राहिल्या होत्या. त्या आता देतो. मागच्या खेपेला पोस्टाची वेळ झाली नव्हती, खोटं बोललो. तू तो शब्द देतोस का, याची वाट पाहत होतो. म्हातारपणी लबाडी करायला लावलीस.

ओटोसाहेब सांगतात, ग्राफ हा शब्द कुठून आला यावर जर्मन पंडितांत अजून भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, तो जुना जर्मनच शब्द, आज्ञा करणारा अशा काही अर्थाचा. दुसरा पक्ष म्हणतो, छे, तो ग्रीकांकडून लॅटिनमार्गे आला. ग्रीक भाषेत ग्राफ म्हणजे लिहिणं. फोटोग्राफ, टेलिग्राफ, तुझा तो ऑटोग्राफ, आणि मुलांचा चौकटीचा कागद, सगळे त्याच घरचे. या पक्षाच्या मते पहिला ग्राफ म्हणजे राजाच्या दरबारातला लेखनिक.

म्हणजे कानावर बोरू खोचलेला माणूस, बापू.

म्हणजे पांडे.

मला हे वाचून काय वाटलं सांगू? एक मोठा पांढरा किल्ला दिसला, नदीकाठी, धुक्यात. आत शिरलो तर सिंहासनावर आमचे त्रिंबक आजोबा मांडी घालून बसलेले, मांडीवर दप्तर, दाराशी भालदार. आणि आजोबा मला म्हणताहेत, "नऱ्या, शाई आण."

ग्राफाच्या तोलाचं घर मागितलं होतंस. अमरावतीला आहे. दोन खोल्या आणि अंगण. कधी येतोस?

नरहर (ग्राफ, पण एका पक्षाच्या मते)


अकोला,
९ मे १९६०

रा. रा. नरहरपंत,

तीन महिने उत्तर दिलं नाही कारण कामात होतो. मधल्या काळात राज्य बदललं, आपण महाराष्ट्रात आलो. माझं मत बदललेलं नाही.

एक. जर्मन पंडितांचा पहिला पक्ष मला पटतो. पस्तीस वर्षं वकिली केली आहे, कोणता साक्षीदार पढवलेला आहे हे मला कळतं. ग्रीकांचा इथे संबंध काय?

दोन. जर्मनीचं जर्मनीत. आपल्या वऱ्हाडात कोण वर होतं आणि कोण खाली, याचा लेखी पुरावा सोबत रजिस्टर पोस्टानं पाठवतो आहे. पणजोबांच्या वेळची अस्सल मोडी सनद. लाल मोहोर स्पष्ट आहे. तिच्यात तुमच्या त्रिंबक पांड्याचंही नाव आहे असं वडील सांगायचे. अर्थात हुकुमाचा ताबेदार म्हणून. मला मोडी येत नाही. तू वाच, शब्दाला शब्द उतारा पाठव, आणि मग हा विषय बंद.

तीन. अचलपूरचं स्थळ आम्हीच सोडलं. जीप जुनी निघाली.

बापूसाहेब देशमुख

भावजी, नमस्कार. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून या कोपऱ्यात लिहिते. आम्ही सोडलं नाही, त्यांनी सोडलं. पुंजारामाला तो जर्मन शब्द काही जमला नाही. त्याला वाटलं लिहिणाऱ्याची चूक आहे, म्हणून त्यानं आपल्या मनानं सुधारून रंगवलं, 'बापूसाहेब देशमुख (लांडगे)'. अचलपूरचे याद्यांना आले, दारात उभं राहून पाटी वाचली, घरात येऊन गुपचूप चहा घेतला. जाताना त्यांनी नत्थुजीला विचारलं, हे लांडगे काय प्रकरण आहे? तो म्हणाला, "हव जी, मालक मुळातले लांडगेच हायेत. देशमुख मागून झाले. आताच कागद आला जर्मनीहून." आठ दिवसांत अचलपूरचा नकार आला, असल्या घरची मुलगी नको म्हणून. तेव्हापासून हे घराबाहेर पडले नाहीत. पाटी माळ्यावर आहे. शैला मात्र त्या दिवशी पोट धरून हसली, गेल्या वैशाखातल्या त्या लग्नानंतर पहिल्यांदा. तिचं मन आहे तिथेच आहे. तुम्ही सोडू नका. — दुर्गा


अमरावती,
२२ मे १९६०

प्रिय बापू,

कागद पोचला. चार दिवस भिंग लावून बसलो. मोडी अक्षर देखणं आहे, एका रेघेत वाहत गेलेलं, मधे कुठे बोरू उचलल्याची खूण नाही.

ही सनद नव्हे. विहिरीवरच्या आंब्याच्या झाडाचा तंटा आहे. तुझे पणजोबा आणि त्यांचे शेजारी यांच्यात फांदी कुणाची यावरून मारामारी झाली होती, तिचा समेट. मोहोर म्हणतोस तो डाग हुंगून पाहिला. शंभर वर्षांनंतर खात्री देता येत नाही, पण माझं मत लोणच्याच्या तेलाकडे झुकतं.

शेवट शब्दाला शब्द देतो, तसं तूच मागितलं आहेस:

"...येणेप्रमाणे कजिया मिटला. आम्हांस अक्षराचा सराव नाही, सबब त्रिंबक पांडे लिहितील ते आम्हांस कबूल. निशाणी नांगर."

आणि खाली तुझ्या पणजोबांनी सहीच्या जागी नांगर काढला आहे. छोटासा, जरा वाकडा, पण ईस, रुमणं सगळं जागच्या जागी. मला तो फार आवडला.

बापू, चार दिवस मी मनात विजयाची पत्रं लिहीत होतो. एकाहून एक झोंबणारी. काल संध्याकाळी ती सगळी सोडून दिली. त्या कागदातली दोन माणसं मला भांडताना दिसेनात. एक सांगतोय, एक लिहितोय, मधे काजळाच्या शाईची दौत आहे, आणि सांगणाऱ्याला खात्री आहे की लिहिणारा दगा देणार नाही. यात वर कोण आणि खाली कोण, मला भिंगानंही दिसलं नाही.

उताऱ्याची दुसरी प्रत केलेली नाही. मूळ कागद परत पाठवतो आहे. तो चुलीत घातलास तरी मी कुणाला सांगणार नाही. फेब्रुवारीत दिलेला तुझा शब्दही परत करतो. तो मी लबाडीनं घेतला होता. शैला शब्दावर नको. तिला विचार, आणि ती म्हणेल तसं कर. वसंताला मी सांगितलं आहे की आता अकोल्याला लिहिणार नाही.

नरहर


अकोला,
२ जुलै १९६०

नऱ्या,

तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून कागद कोर्टातल्या जुन्या मोडी वाचणाऱ्याकडे नेला. त्यानं तेच वाचलं, अक्षरही इकडचं तिकडे नाही. वर मला विचारतो, "हे नांगरवाले देशमुख कोण हो, वकीलसाहेब?" म्हटलं, ओळखीचे होते.

डाग त्यालाही तेलाचाच वाटला.

घरी येऊन शैलाला विचारलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही हे विचारायला तीन भाषा आणि दोन देश फिरून आलात." बोलणं आमच्याच घराण्याचं आहे, त्यात शंका नाही. मग म्हणाली, हो.

नत्थुजीला सांगितलं, वसंता पोरगा ठरला. तो म्हणाला, "बरं झालं मालक. पण त्यायच्याकडं जीप नाई." आता त्यालाच जीप पाहिजे झाली!

तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरू. ओटोला बोलाव. त्याला माझ्या शेजारी पाटावर बसवीन, आणि दोघं मिळून मधल्या नावाचं काय करायचं ते ठरवू. माळ्यावरची पाटी त्याला दाखवणार आहे. त्याला हसू आलं पाहिजे, नाहीतर तो खरा ग्राफ नव्हे.

आणि ती शाळेतली पाटी. ठसका वगैरे काही नव्हता. 'पाती'च्या पुढे मला काळोख दिसत होता. दौत अजून आहे माझ्याकडे, शाई कधी घातली नाही. शैलाबरोबर पाठवतो.

पत्रिकेचा मजकूर तू लिही. माझ्या नावामागे काय लावायचं, पुढे काय लावायचं, की काहीच लावायचं नाही, तेही तूच ठरव. मला दाखवायला पाठवू नकोस, थेट छापखान्यात दे. खाली काढलंय ते आमचं चित्र आहे. दुर्गा म्हणते बगळा दिसतो, पण तू ओळखशील.

पांडे लिहितील ते आम्हांस कबूल.

निशाणी नांगर